बचत गटाची भांडी बँक: घरी कार्य असेल तर आधी इथं विचारा

अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या गावात महिला बचत गटाची भांडी बँक आहे. पोरीच्या साक्षगंधाला मी तिथून 250 ताटं आणली. ज्यांच्या घरी कार्य निघालं आहे त्यांनी बिछायत केंद्राला (मांडववाल्याला) डिस्पोजल प्लेटा सांगायच्या आधी हे वाचा.

ताट, दोन वाट्या, ग्लास आणि चमचा मिळून भाडं 4 रुपये. गंज (मोठी पातेली), सराटे (उलथणी), बादल्या यांचं वेगळं, पण किरकोळ. डिपॉझिट ठेवावं लागतं आणि हरवलेल्या वस्तूची किंमत त्यातून कापतात. "वहिनी, मोजून न्या अन् मोजूनच आणून द्या," असं म्हणत गटाच्या काकू स्वतः उभ्या राहून मोजतात. मला ही पद्धत आवडली, नंतर वाद राहत नाही.

ताटं स्टीलची, जाड आहेत, कडा वळवलेल्या आहेत. गरम आलू-वांग्याची भाजी आणि वरण वाढलं तरी काही सांडत नाही. आम्ही बफे न ठेवता पंगत बसवली. लोकांनी आधी थोडं घेतलं, लागलं तसं मागून घेतलं. उष्टं इतकं कमी निघालं की खताच्या खड्ड्यात सहज मावलं.

एरवी मांडवामागे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. प्लेटा, ग्लास, भात, सगळं एका ढिगात आणि सकाळी काडी. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, म्हणून आता 'कागदी' प्लेट आली. तिच्यावर बहुतेक वेळा प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. भंगारवाला ती घेत नाही, गाय मात्र चघळत बसते. तो थर खनिज तेलातून आलेला. पेटवला की त्यातला कार्बन, कार्बन डायऑक्साइड वायू होऊन हवेत जातो, सोबत काजळी. आणि ढीग पेटवला नाही तर खाली दबलेलं ओलं अन्न हवेशिवाय सडतं, त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता धरून ठेवतो. मे महिन्यात 45 अंश सोसणाऱ्या आपल्या विदर्भाने तरी हे मनावर घ्यायला हवं.

स्टील बनवायलाही कोळसा आणि वीज जळते. एका कार्यासाठी घरोघरी नवीन ताटं घेतली तर काहीच साधत नाही. पण बँकेतलं तेच ताट आज आमच्याकडे, उद्या दुसऱ्याच्या तेरवीला. वर्षानुवर्षं असं चालतं आणि शेवटी भंगारात गेलं तरी वितळून पुन्हा कामी येतं. पळसाची पत्रावळ याहून चांगली, यात वाद नाही. पण हाताने टाचलेली आता मिळते कुठं? बाजारातल्या कितीतरी पत्रावळींना खालून प्लॅस्टिक चिकटवलेलं असतं.

आता तक्रारी. गंजांची झाकणं एकाला एक जुळत नाहीत. ग्लास कमी पडले, म्हणून शेजारपाजारच्यांना आपापले गडवे आणायला सांगितलं. एक-दोघांना ते विचित्र वाटलं. शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा मातीचं गाडगं घेऊन फिरत आणि त्यातच जेवत. त्यांच्या जिल्ह्यात स्वतःचा गडवा आणायची लाज कशाची?

खरा प्रश्न धुण्याचा. ऐन उन्हाळ्यात 250 ताटं धुवायला पाणी आणायचं कुठून? आम्ही आधी राखेनं कोरडी पुसून घेतली, मग दोन टबांतल्या पाण्यात बुडवून काढली. पाणी बरंच वाचलं, पण घरच्या बायांची कंबर मोडली. गटाने धुणाऱ्या बाया ठेवाव्यात, त्यांना मजुरी मिळेल. ताटामागे 2 रुपये जास्त घेतले तरी मी आनंदाने देईन.

लग्नसराईत महिनाभर आधी नाव नोंदवा. अक्षय तृतीयेच्या आसपास एक ताट शिल्लक नसतं.