युनिव्हर्सिटी की कम्युनिटी? अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनला अर्ज करताना

एमबीबीएस करून अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनच्या रेसिडेन्सीसाठी (रुग्णालयातलं ३ वर्षांचं प्रशिक्षण) अर्ज करणाऱ्यांमध्ये एक समज घट्ट बसलेला आहे. युनिव्हर्सिटी (विद्यापीठाच्या रुग्णालयातला) प्रोग्रॅम म्हणजे उत्तम आणि कम्युनिटी (स्थानिक रुग्णालयातला) म्हणजे नाइलाज. अर्जासोबत खास पसंती कळवायला मिळणारे मोजके ‘गोल्ड सिग्नल’ही याच हिशेबाने खर्च होतात. मला हे पटत नाही. पुढच्या ३ वर्षांत तुम्ही कसे डॉक्टर व्हाल, ते मला विचाराल तर एकाच गोष्टीवर ठरतं: रुग्णाच्या खाटेपाशी तुमच्या आणि अटेंडिंगच्या (जबाबदार वरिष्ठ डॉक्टरच्या) मध्ये किती माणसं उभी आहेत.

मोठ्या युनिव्हर्सिटी रुग्णालयात ती बरीच असतात. तिथे अवयव प्रत्यारोपण झालेले रुग्ण येतात, इतर रुग्णालयांनी निदान होत नाही म्हणून पाठवलेले येतात. जवळजवळ प्रत्येक शाखेचा फेलो (रेसिडेन्सीनंतर त्या शाखेची फेलोशिप, म्हणजे पुढचं प्रशिक्षण, घेणारा डॉक्टर) हजर असतो. सकाळच्या राउंडला एका रुग्णावर जी चर्चा होते, ती ऐकणं हेच मोठं शिक्षण आहे. पण सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत नळी) टाकायची वेळ आली की फेलो पुढे होतो, इकोची (हृदयाच्या सोनोग्राफीची) पहिली नजर फेलोची, कन्सल्टचा (दुसऱ्या शाखेकडून मागितलेल्या सल्ल्याचा) निर्णय फेलोचा. इंटर्नच्या (पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटच्या) वाट्याला नोट्स, ऑर्डर्स आणि फोन जास्त येतात.

कम्युनिटी रुग्णालयात न्यूमोनिया, हार्ट फेल्युअर, सीओपीडी, डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिस असे रोजचे आजार भरपूर. अतिदुर्मीळ आजाराचा रुग्ण बहुतेक वेळा दुसरीकडे पाठवला जातो. इथे रेसिडेंट थेट अटेंडिंगशी बोलतो, आयसीयूत हात चालवतो आणि दुसऱ्या वर्षापर्यंत निर्णय घ्यायला सरावतो. धोका रात्रीचा आहे. काही ठिकाणी रात्री इमारतीत वरिष्ठ कोणीच नसतं, अटेंडिंग फोनवर असतात. तेव्हा इंटरव्ह्यूत तिथल्या रेसिडेंटना सरळ विचारा: रात्री २ वाजता रुग्णाचं बीपी पडलं तर खोलीत कोण येतं? उत्तर देताना ते अडखळले, तर तेही उत्तरच आहे.

कामाचे तास पाहून निवड करू नका. आठवड्याला ८० तासांची मर्यादा (४ आठवड्यांच्या सरासरीने) दोन्हीकडे सारखीच आहे.

आता फेलोशिप. कार्डिओलॉजी किंवा गॅस्ट्रोएंटरॉलॉजी (पोटाच्या विकारांची शाखा) डोक्यात असेल तर युनिव्हर्सिटीचं पारडं खरोखर जड आहे, हे मी मान्य करतो. संशोधन चालू असतं, पत्र लिहिणाऱ्या अटेंडिंगला त्या क्षेत्रात लोक ओळखतात. पण कालगणना लक्षात घ्या. रेसिडेन्सी जुलैत सुरू होते आणि फेलोशिपचा अर्ज तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच जातो. म्हणजे शिफारसपत्रं आणि पेपर यांच्यासाठी हातात जेमतेम २४ महिने असतात. मोठ्या बॅचमध्ये ज्या प्राध्यापकाला तुमचं नावही आठवत नाही, त्याच्या पत्रापेक्षा वर्षभर तुमच्याबरोबर राउंड घेतलेल्या कार्डिओलॉजिस्टचं पत्र मला मोलाचं वाटतं. त्यामुळे कम्युनिटी रुग्णालयाची स्वतःची कार्डिओलॉजी फेलोशिप असेल आणि ते आपल्या रेसिडेंटना तिथे घेत असतील, तर तो प्रोग्रॅम मी मधल्या फळीतल्या अनेक युनिव्हर्सिटी प्रोग्रॅमच्या वर ठेवेन. त्यांचे गेल्या ३ वर्षांतले पदवीधर कुठे गेले, ही यादी मागा. बोर्ड परीक्षेत (रेसिडेन्सीनंतरची तज्ज्ञतेची परीक्षा) किती टक्के पास होतात हेही पाहा. एबीआयएम (ती परीक्षा घेणारं मंडळ) प्रोग्रॅमनिहाय आकडे प्रसिद्ध करतं.

‘युनिव्हर्सिटी-संलग्न’ या शब्दावर मात्र भाळू नका. कधी त्याचा अर्थ वर्षातले काही महिने खरोखर विद्यापीठात काम असा असतो, कधी नुसता कागदावरचा करार.

परदेशी पदवीधरासाठी याहून मोठा प्रश्न व्हिसाचा आहे, आणि तो शेवटी विचारला जातो याचं मला दुःख होतं. दोन्ही गटांत जे-वन (प्रशिक्षणासाठीचा एक्सचेंज व्हिसा) घेणारे प्रोग्रॅम आहेत. एच-वन-बी (नोकरीचा व्हिसा) देणारे कमी, आणि त्यासाठी स्टेप थ्री (यूएसएमएलई या अमेरिकी परवाना परीक्षेचा शेवटचा टप्पा) आधी पास व्हावी लागते. एच-वन-बीची साधारण मर्यादा ६ वर्षांची: ३ वर्षं रेसिडेन्सी आणि ३ वर्षं कार्डिओलॉजी धरली की ती तिथेच संपते. जे-वनवर शिक्षण संपल्यावर २ वर्षं मायदेशी राहण्याची अट असते. ती टाळायची तर वेव्हर (या अटीतून सूट) लागतो आणि डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात ३ वर्षं नोकरी करावी लागते. कॉनराड योजनेत प्रत्येक राज्याला वर्षाला असे ३० वेव्हर मिळतात. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-वन-बी अर्जावर १,००,००० डॉलरचं शुल्क जाहीर झालं. एच-वन-बीच्या भरवशावर असाल तर अर्ज पाठवण्याआधी प्रत्येक प्रोग्रॅमला ईमेल करून सध्याचं धोरण लेखी मागून घ्या. वेबसाइटवरची ओळ जुनी असू शकते.

आणखी एक, थोडक्यात: प्रिलिमिनरी जागा १ वर्षाची असते. पूर्ण इंटर्नल मेडिसिन करायचं असेल तर कॅटेगॉरिकल (पूर्ण ३ वर्षांच्या) जागेलाच अर्ज करा.

सिग्नल कसे वाटायचे? २०२४-२५च्या हंगामात इंटर्नल मेडिसिनला ३ गोल्ड (सर्वांत जास्त पसंती) आणि १२ सिल्व्हर (त्याखालची) होते. एवढ्याच जागी तुम्ही ‘मला इथेच यायचंय’ हे ठळकपणे सांगू शकता. पदवी होऊन बरीच वर्षं झाली असतील, व्हिसा हवा असेल, स्कोअर मध्यम असेल, तर तिन्ही गोल्ड नामांकित विद्यापीठांवर उधळणं मला चुकीचं वाटतं. निदान दोन तरी अशा प्रोग्रॅमना द्या जिथे आपल्यासारखी पार्श्वभूमी असलेले रेसिडेंट आज काम करताहेत.

रँक लिस्ट (इंटरव्ह्यूनंतर द्यायची प्रोग्रॅमची पसंतीक्रमाची यादी) लावताना मात्र हा हिशेब सोडून द्या. ‘ते मला घेतील का’ या विचाराने क्रम बदलू नका. १९९८ पासून मॅचचा (उमेदवार आणि प्रोग्रॅम यांच्या याद्या जुळवून जागा ठरवण्याच्या पद्धतीचा) अल्गोरिदम उमेदवाराच्या पसंतीपासून सुरुवात करतो, त्यामुळे आवाक्याबाहेरचं वाटणारं नाव पहिलं टाकलं म्हणून खालची संधी कमी होत नाही. उलट जिथे जाऊन तुम्ही ३ वर्षं काढू शकणार नाही, ते नाव यादीत ठेवूच नका. मॅच झालं की ते बंधनकारक असतं.