मूडलचा चर्चामंच: मिश्र वर्गासाठी कितपत उपयोगी?

मिश्र, म्हणजे निम्मे तास वर्गात आणि निम्मे ऑनलाइन असलेल्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांची नाराजी बहुतेकदा व्हिडिओंवर नसते. प्रश्न विचारला आणि कुणी उत्तरच दिलं नाही, हे त्यांना जास्त लागतं. त्यासाठी मूडल या ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्याच्या प्रणालीतला चर्चामंच खरोखर चांगला आहे, पण सेटिंग तपासूनच वापरावा.

सर्वांत उपयोगी प्रकार प्रश्नोत्तरांचा. स्वतःचं उत्तर टाकल्याशिवाय इतरांची दिसत नाहीत, त्यामुळे नक्कल कमी होते. मात्र उत्तर टाकल्यावरही संपादनाची मुदत (टाकलेलं उत्तर बदलता येण्याचा वेळ) संपेपर्यंत थांबावं लागतं. मूळ सेटिंगमध्ये ती 30 मिनिटं असते. चालू तासात हा प्रकार वापरला की 'काहीच दिसत नाही' अशी ओरड होते ती यामुळेच. प्रश्न वर्गाच्या दोन दिवस आधी द्यावा आणि त्यातली दोन-तीन उत्तरं घेऊन तास सुरू करावा. वर्गात उल्लेख झाला नाही तर पुढच्या आठवड्यात लिहिणारे घटतात, हे नक्की.

मोठ्या वर्गाचे 8-10 जणांचे 'स्वतंत्र गट' (एका गटाची चर्चा दुसऱ्याला दिसत नाही असे) करावेत. चर्चामंचाच्या ईमेलची सक्तीची सदस्यता टाळा: प्रत्येक पोस्टचा ईमेल येतो आणि मुलं सगळेच ईमेल न वाचता पुसतात. स्वयंचलित सदस्यता बरी, तीतून बाहेर पडता येतं.

विद्यार्थ्यांचं समाधान मोजायला मूडलमध्ये 'फीडबॅक' हा प्रश्नावलीचा वेगळा घटक आहे. तो निनावी ठेवून सत्राच्या मध्यावर द्यावा, म्हणजे त्याच मुलांसाठी बदल करता येतात. मोबाइलवर चर्चेचे लांब धागे वाचणं मात्र अजूनही त्रासदायक आहे.