सपाट बडोद्यातून कार्व्हिंग: सर्फस्केट, लाँगबोर्ड की थेट स्नोबोर्ड?

बडोद्याला उतार नाही. गोत्रीपासून मांजलपूरपर्यंत रस्त्यावर कुठेही चेंडू ठेवा, तो जागचा हलणार नाही. बोर्ड बघायला लागण्याआधी ही गोष्ट मनात पक्की करा, कारण या खेळातले बहुतेक सल्ले टेकड्यांच्या गावात राहणाऱ्यांचे असतात. त्यांचा बोर्ड उतारावर सोडला की पळतो. आपला पळत नाही. इथे वेग पायांनी कमवावा लागतो, आणि कोणता बोर्ड घ्यायचा हे बरंचसं त्यावरच ठरतं.

दिवाळीत माझ्या भाचीनं विचारलं, "मामा, फेब्रुवारीत गुलमर्गला जायचंय. तोवर इथे स्केटबोर्डवर कार्व्हिंग शिकू, की सरळ बर्फावरच सुरुवात करू? आणि घेऊ काय?" तिला एका वाक्यात उत्तर देता येईना. मग आम्ही दोन वेगळे बोर्ड मागून आणले, पहाटे पार्किंगमध्ये चालवून बघितले, आणि त्यातून जे पटलं ते इथे लिहितो आहे.

कार्व्हिंग म्हणजे वळताना बोर्ड आडवा न घसरता वळणाच्या रेषेवरून चालत राहणं. बर्फावर ते डोळ्यांना दिसतं. घसरत वळलेल्या बोर्डामागे झाडू फिरवल्यासारखा रुंद पट्टा उरतो, नीट कार्व्ह केलं तर मागे बारीक, खोल रेघ. रस्त्यावर रेघ उमटत नाही, पण कानाला कळतं: चाकं खरवडल्याचा आवाज येत नाही, एकसारखी घरघर राहते. शरीराचं काम दोन्हीकडे सारखंच, चवड्यांवर झुकलं की एका बाजूला वळण, टाचांवर झुकलं की दुसऱ्या. वळवणारा भाग मात्र वेगळा. स्केटबोर्डला खालचे ट्रक, म्हणजे चाकं धरणारे धातूचे आस, वळवतात. स्नोबोर्डला त्याच्या कडेचा आत गेलेला बाक वळवतो, ज्याला साइडकट म्हणतात.

एक पर्याय आधीच बाजूला काढतो. दोन्ही टोकं वर वळलेला, दुकानात सगळ्यात सहज दिसणारा स्केटबोर्ड उड्या आणि करामतींसाठी असतो. त्याची चाकं ५०-५४ मिलिमीटरची आणि ९९ए च्या आसपास कडक (ए हे कडकपणाचं माप, आकडा मोठा तितकं चाक कडक). मी पहिला बोर्ड असाच घेतला होता. सोसायटीच्या फाटकापाशी हरभऱ्याएवढा खडा चाकाखाली आला, बोर्ड जागीच थांबला आणि मी पुढे पडलो. मनगट तीन आठवडे बांधून होतं. मोठं आणि मऊ चाक तोच खडा दाबून ओलांडून जातं. युरेथेनची चाकं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आली आणि हा खेळ खडबडीत रस्त्यावर शक्य झाला, तो याच गुणामुळे. कार्व्हिंगसाठी चाक ६५ ते ७० मिलिमीटर, कडकपणा ७८ए ते ८०ए. यात तडजोड करू नका.

आता खरी निवड: सर्फस्केट की लाँगबोर्ड?

सर्फस्केटचं सगळं वैशिष्ट्य पुढच्या ट्रकमध्ये आहे. तो नेहमीच्या ट्रकपेक्षा कितीतरी जास्त वळतो, मागचा त्यामानाने स्थिर राहतो. कार्व्हर या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने १९९० च्या दशकात हा प्रकार घडवला, लाटा नसतील त्या दिवशी सर्फरना रस्त्यावर सराव करता यावा म्हणून. पुढचा ट्रक एवढा फिरतो की खांदे आणि कंबर लयीत डावीउजवीकडे वळवत राहिलं तर बोर्ड स्वतः वेग धरतो. याला पंप करणं म्हणतात. पाय जमिनीला लावायचा नाही, उतारही लागत नाही. आठ-दहा मीटर रुंद मोकळी फरशी मिळाली की पुरे. बडोद्यासारख्या सपाट गावाला याहून सोयीचं काही नाही. भाचीला पंप जमायला चार पहाटा लागल्या; पाचव्या दिवशी तिनं पाय न टेकता पार्किंगला दोन पूर्ण फेऱ्या घातल्या.

लाँगबोर्डचा स्वभाव निराळा. दोन्ही ट्रक सारखे, उलट्या किंगपिनचे (ट्रकचा मधला बोल्ट बाहेरच्या बाजूला असलेले), बहुधा ५० अंशांच्या तळपट्टीचे आणि १८० मिलिमीटर रुंद. पुढचा जेवढा एका बाजूला वळतो तेवढाच मागचा विरुद्ध बाजूला, म्हणून बोर्ड कमानीवरून चालल्यासारखा वळतो. दोन ट्रकमधलं अंतर जास्त, त्यामुळे वळण मोठं. हिशेब सोपा आहे: ट्रक तेच आणि झुकणं तेवढंच असेल तर वळणाची त्रिज्या या अंतराच्या प्रमाणात वाढते. १७ इंचांच्या जागी २४ इंच अंतर घेतलंत की वळण साधारण १.४ पट मोठं होतं. मोठ्या वळणाला जागा लागते आणि वेगही. सपाटीवर दर तीन-चार वळणांनंतर पाय मारावा लागतो, आणि मनाची लागलेली लय तुटते.

इतकं वाचून सर्फस्केटच घ्यावा असं वाटेल. पण बर्फावर जायचं असेल तर एक अडचण आहे, आणि ती मला स्वतःला दोन्ही चालवल्यावरच कळली. सर्फस्केट खांद्यांच्या पिळावर चालतो. स्नोबोर्डवर तोच पिळ दोष ठरतो: खांदे आधी फिरवले की मागचा पाय ढकलला जातो, बोर्डाची शेपटी घसरते, आणि रेघेचा पुन्हा पट्टा होतो. बर्फावर बोर्ड शांतपणे कडेवर झुकवायचा असतो आणि वळण त्याच्या आकारावर सोपवायचं असतं. लाँगबोर्डवर तुम्ही नेमकं तेच करता, घोट्यापासून झुकता आणि वाट बघता. म्हणजे गाव म्हणतं सर्फस्केट घ्या, बर्फ म्हणतो लाँगबोर्ड.

मधली वाट आहे. सर्फस्केटच्या पुढच्या ट्रकचे ढोबळ दोन प्रकार. एकात स्प्रिंग लावलेला फिरता हात असतो, कार्व्हरचा सी७ तसा. तो खूप मोकळा, खोल वळणारा, आणि पंप करायला सर्वांत सोपा. दुसरा स्प्रिंगशिवाय, बुशिंगवर (ट्रकमधल्या रबरासारख्या कड्यांवर) चालणारा, कार्व्हरचा सीएक्स तसा. तो हलका, थोडा ताठ, साध्या ट्रकच्या जवळ जाणारा. ज्याला फक्त इथेच, सोसायटीच्या फरशीवर आनंद घ्यायचा आहे त्यानं पहिला घ्यावा. ज्याच्या मनात बर्फ आहे त्यानं दुसरा. भाचीसाठी मी दुसराच निवडला, आणि तिला एक शिस्त लावली: अर्धा वेळ पंप, उरलेला अर्धा वेळ दोन-तीन पाय मारून वेग घ्यायचा आणि खांदे अजिबात न फिरवता केवळ झुकून वळायचं. आधीच चांगला लाँगबोर्ड घरात असेल तर नवा घेऊ नका. पुढचा ट्रक आणि डेक (वरची फळी) यांच्यामध्ये बसवायचा सर्फ अडॅप्टर मिळतो, तो लावून बघा.

डेकच्या चित्रांवर आणि बेअरिंगच्या आकड्यांवर पैसे घालवू नका. फरक पडतो तो बुशिंगचा, म्हणजे त्याच दोन कड्यांचा, आणि त्या बोर्डाच्या किमतीपुढे काहीच नसतात. कंपनी बहुधा ९०ए च्या आसपास कडक बुशिंग घालून देते, जी ७५-८० किलोच्या माणसाला ठीक बसते. भाचीचं वजन ५८ किलो. तिच्या पायाखाली बोर्ड पाटासारखा ताठ राहायचा आणि तिला वाटायचं आपल्याला जमत नाही. ८३ए ची बुशिंग घातली, त्याच संध्याकाळी बोर्ड वळायला लागला. किती शिकाऊ मुलं अशा न बदललेल्या बुशिंगमुळे खेळ सोडून देत असतील, या विचारानं मला खरंच वाईट वाटतं.

बडोद्यातल्या जमिनीबद्दल थोडं. सोसायट्यांमध्ये बसवलेले पेव्हर ब्लॉक कोणत्याही चाकाला वाईटच. ७० मिलिमीटरचं मऊ चाक ते सहन करतं, सुख देत नाही. तळघरातल्या पार्किंगची गुळगुळीत काँक्रीट फरशी सर्वांत चांगली, पण तिच्यावर धुळीचा थर असतो आणि झुकल्यावर चाक सटकतं. आधी झाडू मारा, मग बोर्ड काढा. तळघराचा रॅम्प हा आपल्याकडचा एकमेव उतार, म्हणून मोह होतो. पण तिथे वळणाआडून गाडी येते, त्यामुळे तो सोडून द्या. पावागडचा माचीपर्यंतचा घाटही तसाच. बडोद्यापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे, वळणंही सुंदर आहेत, पण जीपा आणि भाविकांच्या गर्दीत ब्रेक नसलेला बोर्ड घेऊन जायचं ते ठिकाण नव्हे. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर चालवलंत तर बेअरिंग गंजतात. काढून कोरडी करा आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब द्या.

आता बर्फाची बाजू. इथे निवड दोन घराण्यांमध्ये आहे. एक मऊ बुटांचं: रुंद बोर्ड, पट्ट्यांची बाइंडिंग (बूट बोर्डाला बांधणारी पकड), जे भाड्यानं सगळीकडे मिळतं. दुसरं कडक बुटांचं, ज्याला अल्पाइन म्हणतात: स्कीसारखे प्लास्टिकचे ताठ बूट, धातूची प्लेट बाइंडिंग, १८ ते २१ सेंटिमीटर कमरेचा (मधल्या रुंदीचा) अरुंद, लांब बोर्ड, आणि पाय ५५-६५ अंशांनी पुढे वळवलेले. ऑलिंपिकमध्ये २००२ पासून चाललेली पॅरलल जायंट स्लॅलम शर्यत या साधनांवर होते. कार्व्हिंगची दृश्यं बघून बघून मन याच्याकडे ओढलं जातं. माझंही गेलं होतं.

पण आकडे बघा. कार्व्ह केलेल्या वळणाची त्रिज्या म्हणजे ढोबळमानाने साइडकटची त्रिज्या गुणिले झुकण्याच्या कोनाचा कोसाइन. ८ मीटर साइडकटचा बोर्ड २० अंश झुकवला तर वळण साडेसात मीटरचं. ६० अंश झुकवला तर चार मीटरचं. ताशी १८ किलोमीटर वेगानं साडेसात मीटरच्या वळणात तोल राखायला शरीर साधारण १९-२० अंश झुकलं की पुरतं. शिकाऊ माणूस याच वेगात असतो. वेग ताशी ३६ झाला आणि वळण ८ मीटरचं असलं तर मात्र ५० अंशांच्या वर झुकावं लागतं, आणि तिथे मऊ बुटांची खरी अडचण सुरू होते: बुटाचा पुढचा भाग किंवा टाच बोर्डाबाहेर आलेली असते, ती बर्फाला टेकते, कड उचलली जाते आणि माणूस आपटतो. अल्पाइन बोर्ड पाय पुढे वळवून हीच अडचण दूर करतो. म्हणजे जी अडचण पहिल्या दोन-तीन हिवाळ्यांत येणारच नाही, तिच्यावरचा तो महागडा उपाय आहे.

गुलमर्गची जमीनही त्याला साथ देत नाही. अल्पाइन बोर्डाला यंत्रानं दाबून सपाट केलेला, टणक, रुंद उतार लागतो. गुलमर्गची ख्याती आहे ती अफरवत शिखराच्या भुसभुशीत, न दाबलेल्या बर्फाची. गोंडोलाचा, म्हणजे तारेवरच्या पाळण्याचा, दुसरा टप्पा जवळपास ३९५० मीटर उंचीवर नेतो आणि तिथून खाली येणं शिकाऊंचं काम नाही. शिकण्याजोगे सौम्य उतार खाली, २६५० मीटरच्या आसपास, गोंडोलाच्या पायथ्याशी आहेत. उत्तराखंडातल्या औलीचा उतार कार्व्हिंगला स्वभावतः जास्त जवळचा, सलग आणि आखलेला; २०११ चे दक्षिण आशियाई हिवाळी खेळ तिथे झाले. पण तिथेही वर्षातून सहा-सात दिवस जाणाऱ्या बडोदेकरानं स्वतःचा बोर्ड घेऊन कपाटात ठेवावा, असं मला पटत नाही.

म्हणून बर्फासाठी बोर्ड भाड्यानं घ्या. बूट मात्र, दुसऱ्यांदा जायचं नक्की असेल तर, स्वतःचे घ्या. झुकण्याची आज्ञा बर्फापर्यंत बुटातूनच पोचते. गुडघा पुढे दाबल्यावर टाच आत उचलली जात असेल तर कितीही चांगला बोर्ड उशिरा ऐकतो. बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये, पायाच्या लांबीवर असतं. भाचीचा पाय २४ सेंटिमीटर. उभं राहिल्यावर अंगठा टोकाला टेकावा, गुडघे वाकवल्यावर किंचित मागे सरावा. मोजा एकच, पातळ, लोकरीचा. थंडी वाजेल म्हणून दोन मोजे घातले की बूट सैल होतो आणि पाय उलट जास्त गारठतो.

दोन्हीकडे कामाला येणारी खरेदी मी सर्वांत आधी केली: मनगटांची गार्ड. स्नोबोर्ड शिकणाऱ्यांना सर्वाधिक दुखापत मनगटाची होते, आणि रस्त्यावरही पडताना हातच आधी पुढे जातो. हेल्मेट मात्र वेगवेगळी. स्केटचं हेल्मेट डोक्याच्या मागच्या भागापर्यंत उतरणारं हवं, सायकलचं चालवून घेऊ नका. बर्फाचं तिथेच भाड्यानं मिळतं. बसायच्या हाडाला पॅड असलेली चड्डी बर्फावर पहिल्या दोन दिवसांत फार मोलाची.

भाड्याच्या दुकानात बोर्ड हातात घेतलात की तीन गोष्टी बघा. ५८ किलोच्या मुलीला १४५ ते १५० सेंटिमीटर लांबी, मध्ये उचललेला कॅम्बर आकार असेल तर तो आधी मागा. टोकं उचललेला रॉकर भुसभुशीत बर्फावर तरंगतो, पण कड धरायला कच्चा. बाइंडिंग हातानं हलवून बघा, स्क्रू सैल असेल तर तिथेच आवळून घ्या. आणि पोलादी कडेवर अंगठ्याचं नख हलकेच आडवं ओढा. नखाचा बारीक पांढरा कीस निघाला तर कडेला धार आहे. नख नुसतंच घसरलं तर बोर्ड परत द्या आणि दुसरा मागा.