पेनिंगही करायचंय आणि ट्रेलवरही जायचंय, मग घोडा कोणता घ्यायचा?

टेक्सासात राहून टीम पेनिंगचा, म्हणजे घोड्यावर बसून गुरं वेगळी काढून कोंडायच्या खेळाचा, नाद लागला की पुढचा प्रश्न ठरलेलाच, स्वतःचा घोडा घ्यायचा तर कोणता, आणि शनिवारी गुरांमागे सुसाट सुटणारा घोडा रविवारी ट्रेलवर, म्हणजे रानवाटेवर, गुमान चालेल का. नवीन माणसाच्या बजेटमधे मेनली दोन प्रकार येतात, एक पाच-सहा वर्षांचा कटिंगच्या (कळपातून एक गाय वेगळी काढून अडवायच्या खेळाच्या) रक्ताचा क्वार्टर हॉर्स, ही गुरांच्या कामाची अमेरिकन जात, दुसरा बारा-तेरा वर्षांचा रँचवर राबलेला गेल्डिंग (खच्ची केलेला घोडा), तोही बहुतेक क्वार्टर हॉर्सच.

कटिंगवाला बघताक्षणी आवडतो. साधारण 14 ते 14.2 हँड उंच (एक हँड म्हणजे चार इंच, बिंदूनंतरचा आकडा वरचे इंच), मागचा भाग भरलेला, गाय वळायच्या आत हा वळलेला. फोर्ट वर्थची कटिंगची मोठी स्पर्धा, फ्युचुरिटी, तीन वर्षांच्या घोड्यांची असते, तिथे जे चमकत नाहीत त्यातले काही मग आपल्यासारख्यांकडे येतात. पण घोडं पेंड खातं ते इथेच. कटिंगमधे स्वार लगाम सैल सोडतो आणि घोडा स्वतःच्या डोक्याने गायीला अडवतो. पेनिंगमधे तिघांनी मिळून 30 गुरांतून एकाच नंबरची तीन वेगळी काढायची आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या पेनमधे (छोट्या कुंपणात) कोंबायची, तेही 60 ते 90 सेकंदांत, म्हणजे गाय अडवायची पण तुम्ही सांगाल तेव्हाच, बाकी वेळ तिला हाकत न्यायचं आणि सोबतच्या दोन घोड्यांच्या मधे यायचं नाही. स्वार नवखा असेल तर घोडा डावीकडे आणि स्वार उजवीकडे, जमिनीवर. ट्रेलवर झुडपातून हरीण निघालं तरी ह्याला तीच चपळाई सुचते.

रँचवाला अर्धा सेकंद उशिरा वळेल, मान्य, बक्षिसं कमी येतील. पण त्याने ओढे ओलांडलेत, फडफडणारी ताडपत्री बघितलीय, तुम्ही वर बसून गेट उघडेपर्यंत तो खांबासारखा उभा राहतो. बारा वर्षांचा म्हणजे म्हातारा असं लोक उगाच म्हणतात, नीट ठेवलेला घोडा 25-30 वर्षं जगतो. मात्र मागच्या पायांच्या सांध्यांचा एक्स-रे काढल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, आणि व्हेट आपला, विकणाऱ्याचा नाही.

वजनाचं गणित कोणी करत नाही. स्वार आणि सॅडल मिळून घोड्याच्या वजनाच्या 20 टक्क्यांच्या आत असावं असं मानतात. 420 किलोच्या छोट्या कटिंगवाल्यावर 84 किलो बसतं, वेस्टर्न सॅडल सहज 16 किलो, उरले 68, त्यात तुमचे बूटही आले. रँचवाले बरेचदा अंगाने थोराड असतात, तिथे जरा सूट मिळते.

कटिंगच्या काही घराण्यांत हर्डा नावाचा अनुवांशिक आजार आहे. जीन दोन्हीकडून आला तर खोगिराखालची कातडी सुटते, एकाच बाजूने आला असेल तर स्वारीला काही अडत नाही, पण टेस्टचा कागद मागून घ्या.

अरब घोडा घेऊ का असं विचाराल तर ट्रेलसाठी डोळे झाकून घ्या, कॅलिफोर्नियातली 100 मैलांची टेव्हिस कप राइड वर्षानुवर्षं अरबच गाजवतात, पण गुरांची ओढ क्वार्टर हॉर्समधे सहज सापडते तशी ह्यांच्यात शोधावी लागते. सरकारी अडॉप्शनचा मस्टँग (रानात मोकळा वाढलेला घोडा) स्वस्त पडतो, ट्रेनरचं बिल मात्र स्वस्त पडत नाही.

माझं मत विचाराल तर पहिला घोडा रँचवालाच. बघायला जाल तेव्हा कुरणातून स्वतः धरून आणा. पोचायच्या आधीच त्याच्या पाठीवर वाळलेला घाम दिसला तर सकाळीच पळवून दमवलाय असं समजा, अजून एकदा न सांगता जा. आणि गुरांमधे चालवून झाल्यावर दुसरा घोडा सोबत न घेता एकट्याला ट्रेलवर काढा, कारण रिंगणात शहाणे असलेले कित्येक घोडे तबेला दिसेनासा झाला की खिंकाळत मागे फिरतात, आणि ते विकणारा आपणहून सांगत नाही. जमलं तर महिनाभर लीजवर घ्या, कॉगिन्सचा (घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयाच्या रक्ततपासणीचा) निगेटिव्ह रिपोर्ट बघून.