थ्रीडी मॉडेलचा वॉटरमार्क: व्हर्टेक्स थेट सरकवायचे की स्पेक्ट्रममध्ये लपवायचा?

थ्रीडी मॉडेलमध्ये वॉटरमार्क, म्हणजे मालकीची लपवलेली खूण, घालणं फोटोपेक्षा अवघड आहे, कारण मेशमध्ये, म्हणजे मॉडेलच्या त्रिकोणांच्या जाळीत, पिक्सेलसारखा ठरलेला क्रम नसतो, व्हर्टेक्सची (त्या त्रिकोणांच्या कोपऱ्यांची) यादी उलटसुलट केली तरी मॉडेल दिसायला तेच राहतं.

पहिला रस्ता स्पेशियल, म्हणजे थेट आकारातच बदल करायचा. व्हर्टेक्स किंचित सरकवून त्रिकोणांच्या बाजूंच्या गुणोत्तरात बिट्स भरायचे, ओबुची आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये अशा पद्धती मांडल्या. मॉडेल फिरवा, सगळीकडून सारखं लहानमोठं करा, गुणोत्तर तेच राहतं म्हणून मार्कही राहतो. शिवाय फास्ट आहे आणि डेटाही बऱ्यापैकी मावतो. पण कोणी स्मूथिंग केलं (पृष्ठभाग गुळगुळीत केला) किंवा पॉलिगॉन (जाळीतले त्रिकोण) कमी केले की बहुतेकदा मार्क गेलाच समजा.

दुसरा स्पेक्ट्रल. इथे मेशच्या लाप्लासियन मॅट्रिक्सचे (कोणता व्हर्टेक्स कोणाला जोडलाय ते मांडणाऱ्या तक्त्याचे) आयगनव्हेक्टर, म्हणजे आकाराचे मूळ घटक, काढून आकार आवाजासारखा फ्रिक्वेन्सीत मांडतात आणि लो फ्रिक्वेन्सीत, म्हणजे ढोबळ आकारात, मार्क पसरवतात, म्हणजे तो बारीक पृष्ठभागावर न बसता एकूण घडणीतच मिसळतो आणि थोडं स्मूथिंग, थोडा नॉइज सहज झेलतो. अडचण हिशोबाची, मोठ्या मेशवर हे गणित इतकं जड होतं की तुकडे करावे लागतात. आणि चोराने मेश नव्याने बांधला असेल तर मार्क शोधायला बहुतेक वेळा मूळ फाइल लागते, तिच्याशी जुळवून घेतल्याशिवाय काही हाती लागत नाही.

मॉडेल विकत असाल तर माझं मत स्पष्ट आहे, स्पेक्ट्रलच घ्या आणि मूळ फाइल जिवापाड जपा, कारण चोरलेलं मॉडेल पॉलिगॉन कमी करून, हलकं करून पुढे जाऊ शकतं. फाइलमध्ये कोणी छेडछाड केली का एवढंच बघायचं असेल तर मात्र पहिल्या पद्धतीचा नाजूकपणाच कामाला येतो.