बंगला जळालेल्यांसाठी हळहळायचं का?

जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिसला वणवे लागले तेव्हा एका मैत्रिणीने विचारलं, "कोट्यधीशांसाठी वाईट वाटून घ्यायचं, की ती सहानुभूती गरजूंसाठीच राखून ठेवायची?"

दुःखाच्या बाबतीत मला फरक दिसत नाही. अभिनेते बिली क्रिस्टल 1979 पासून ज्या घरात राहत होते, ते लॉस एंजेलिसच्या पॅसिफिक पॅलिसेड्स या महागड्या वस्तीतलं घर राख झालं. मुलांचे लहानपणीचे फोटो, आईच्या हातची पत्रं कुठलीच विमा कंपनी भरून देत नाही.

पुन्हा उभं राहण्यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. श्रीमंताकडे बहुधा दुसरं घर असतं, वकील असतो, वर्षभर भाडं भरायची ऐपत असते. याच वणव्यांत होरपळलेल्या, लॉस एंजेलिसजवळच्या अल्टाडिनात कित्येक कृष्णवर्णीय कुटुंबांची पिढ्यांची पुंजी म्हणजे ते एकच घर होतं. पण नुसता पत्ता बघून ठरवू नका. पॅलिसेड्समध्ये मोबाइल होमच्या (कारखान्यात तयार करून आणून ठेवलेल्या घरांच्या) वसाहतीही जळाल्या, आणि तिथे राहणारे सगळे काही धनाढ्य नव्हते. महागड्या वस्तीत चाळीस वर्षांपूर्वी घर घेतलेला निवृत्त शिक्षक कागदावर श्रीमंत असतो, हातात रोकड नसते.

आपल्या खर्चाचं म्हणाल, तर हळहळीला पैसे पडत नाहीत. देणगीला पडतात.

म्हणून सांत्वन करायचं असेल, तर सगळ्यांचं करा. "बरं झालं, जिरली" हे तर कुणालाच म्हणू नका. पैसे द्यायचे असतील, तर भाडेकरू, विमा नसलेले आणि रोजगार बुडालेले घरकामगार, माळी यांना आधी द्या.