विश्रामबागेतली एसी-इलेक्ट्रिकल एएमसी: पॅनेलचं काम चोख, वेळापत्रक कच्चं

खाली दुकानं, वर दवाखाना, क्लास आणि ऑफिसं, अशा इमारतीसाठी सांगलीत विश्रामबागेतल्या एका एजन्सीची ही वर्षाची एएमसी, म्हणजे देखभालीचं वार्षिक कंत्राट. दर तीन महिन्यांनी एक व्हिजिट. वर्षभराचे सर्व्हिस रिपोर्ट समोर ठेवून हे लिहिलंय.

इलेक्ट्रिकलचं काम मनापासून आवडलं. टेक्निशियन आल्याआल्या सप्लाय बंद करत नाहीत. आधी चालू लोडवर तिन्ही फेजचा (आर, वाय, बी) आणि न्यूट्रलचा करंट घेतात, मग इन्फ्रारेड थर्मामीटरने एकेक जोड बघतात. हाच क्रम बरोबर, कारण लोड काढला की गरम जोड निवतो आणि दोष सापडत नाही. एका रिपोर्टात मेन स्विचवरचा आर फेज ७८ अंश, वाय आणि बी मात्र पंचेचाळिशीत. तिथे ॲल्युमिनियमची केबल होती आणि तांब्याच्या बसबारवर (पॅनेलमधल्या पट्टीवर) साधा लग, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवायचं टर्मिनल. ॲल्युमिनियम तापून-निवून दबत जातं, जोड सैल पडतो, त्यावर ऑक्साइड धरतं आणि तो आणखी तापतो. नुसता नट आवळून हे थांबत नाही. त्यांनी केबलचं जळकं टोक कापलं, बायमेटॅलिक लग (एका बाजूला ॲल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला तांबं) हायड्रॉलिक क्रिंपरने दाबला आणि बोल्ट टॉर्क रेंचने आवळला. न्यूट्रलचे जोडही तितक्याच काळजीने पाहिले. न्यूट्रल सुटला तर कमी लोडच्या दुकानात २३० ऐवजी ४०० च्या जवळ व्होल्टेज जाऊ शकतं आणि एसीचे पीसीबी (इलेक्ट्रॉनिक बोर्ड) जळतात. आरसीसीबीही (गळतीचा करंट ओळखून सप्लाय तोडणारा स्विच) फक्त टेस्ट बटणावर सोडत नाहीत. ३० मिलिअँपिअरला ३०० मिलिसेकंदांच्या आत ट्रिप होतो का, ते टेस्टरवर मोजून लिहितात.

अर्थिंगचे मार्क मात्र कापावे लागतील. रीडिंग ऑगस्टमध्ये घेतलं, १.८ ओहम. भर पावसात काळ्या मातीत ते चांगलं येणारच! उन्हाळ्यात हीच माती भेगाळून इलेक्ट्रोडपासून सुटते. खरा आकडा मेमधला.

एसीत चुकीच्या महिन्याची हीच चूक मोठी होते. पाण्याचं जेट वॉश नोव्हेंबरमध्ये, आणि फेब्रुवारीत फक्त फिल्टर धुतले. मार्चपासून ऊन तापतं, तेव्हा आउटडोअरची कॉइल धुळीने चोंदलेली. प्रेशर चढतं, कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो. त्यात मे महिन्यात दोन मशिनना ‘गॅस कमी’ म्हणून टॉप-अप केला, लिकेज न शोधता. हे पटण्यासारखं नाही. सीलबंद सिस्टीममधला गॅस वापराने संपत नाही; बहुतेक वेळा पाइप जोडणाऱ्या फ्लेअर नटजवळ गळतो. नायट्रोजनचं प्रेशर देऊन साबणाच्या फेसाने गळती शोधायची, दुरुस्त करायची, व्हॅक्यूम काढायचा आणि नेमप्लेटवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरायचा. टॉप-अपचे पैसे देण्याआधी एवढं मागाच. कॅपॅसिटर मात्र ते मीटरवर तपासतात. ५० मायक्रोफॅरडचा ४४ भरला तेव्हा मोटर जळायच्या आधीच बदलला. ड्रेन पाइपचा उतारही नीट करून दिला.

गॅस, पीसीबी आणि कॉम्प्रेसर कंत्राटात धरलेले नाहीत, सही करण्याआधी ते वाचा. गावभाग, खणभागाकडच्या इमारतींनी आणखी एक कलम घालून घ्यावं: पुराच्या पाण्यात बुडालेले एमसीबी आणि कॉन्टॅक्टर (पॅनेलमधले ऑटोमॅटिक स्विच) वाळवून परत बसवायचे नाहीत, नवे टाकायचे. आतला गाळ वाळवून निघत नाही.

इलेक्ट्रिकलसाठी ही एजन्सी घ्यायला हरकत नाही. फक्त जेट वॉश फेब्रुवारीत आणि अर्थिंग मेमध्ये, हे महिने कंत्राटातच लिहून घ्या.